हाइस्मनचे दावेदार: दर रविवारी आपली यादी आपण कशी लावायची

हाइस्मन ट्रॉफीचे दावेदार लावायला बसलात की पहिल्याच रविवारी पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘कोणाला मिळायला हवी’, उजवीकडे लिहा ‘कोणाला मिळेल’. या दोन याद्यांची गल्लत झाली की अख्खा मोसम वाद घालण्यात जातो आणि हाती काही लागत नाही. उजवी यादी मतदारांचा कल ओळखण्याची आहे. डावी तुमच्या डोळ्यांची आणि तुमच्या नोंदींची. मला डावीचं महत्त्व जास्त वाटतं आणि या लेखात बराचसा वेळ मी तिलाच देणार आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मानाचा वैयक्तिक पुरस्कार. १९३५ साली सुरू झाला, पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पुढच्याच वर्षी जॉन हाइस्मन हे जुने प्रशिक्षक वारले आणि पुरस्काराला त्यांचं नाव दिलं गेलं. हे फुटबॉल म्हणजे आपल्या कूपरेजवर चालतं ते नव्हे. अंडाकृती चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, पलीकडची रेषा ओलांडली की टचडाउन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर झेलतो, रनिंग बॅक घेऊन पळतो, आणि बाकीचे त्यांच्यासाठी वाट मोकळी करतात किंवा समोरच्यांची अडवतात.

मी दादरची. मैदानावरच्या क्लब क्रिकेटला स्कोअरर म्हणून बसते. भाचा शिकायला मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला गेला आणि त्याच्यामागून हा खेळ आमच्या घरात आला. स्कोअररला तो आवडण्याचं कारण सोपं आहे: इथे प्रत्येक चाल सुटी असते. कोणी काय केलं, किती यार्ड मिळाले, कोण चुकला, हे चालीगणिक लिहिता येतं.

मुंबईतून बघायचं तर आधी वेळ जमवावी लागते. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो, साडेतीनचा रात्री एकला, आणि संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग हे सगळं आपल्यासाठी एक तासाने पुढे सरकतं. सगळं बघायचा हट्ट धरू नका. साडेनऊचा एक सामना नीट बघा, झोपा, पहाटेचा दुसरा बघा आणि मधल्याची चालीगणिक नोंद दुपारी वाचून काढा. यादी मात्र रविवारीच लावायची. सोमवारी लोकल पकडेपर्यंत दहा जणांची मतं कानावर पडलेली असतात आणि मग आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं हे वेगळं काढता येत नाही.

आता वही. रानडे रोडवर मिळते तशी लांब, आडव्या रेघांची कोणतीही चालेल. एका खेळाडूला एक पान. पानावर सामन्यागणिक एक ओळ: प्रतिस्पर्धी कोण, सामना घरी की बाहेर, निकाल, त्याचे आकडे, आणि शेवटी एक रुंद रकाना मोकळा. तो मोकळा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात आकडे लिहायचे नाहीत, पाहिलेलं लिहायचं. मी मैदानावर गोलंदाजागणिक पेनाचा रंग बदलते, तीच सवय इथेही ठेवली आहे: क्रमवारीतल्या पंचवीस संघांपैकी कोणाविरुद्ध खेळलेली ओळ लाल शाईने, बाकीच्या निळ्याने. नोव्हेंबरात पान उघडलं की लाल ओळी किती आणि त्यांत काय आहे, हे एका नजरेत कळतं.

आकड्यांपाशी दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं ठिकाण म्हणजे बेरीज कुठपर्यंत केली आहे. मतदान होतं डिसेंबरच्या सुरुवातीला, कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाच्या, अंतिम सामन्यांनंतर. त्यानंतरचे बोल सामने (मोसमाअखेरचे निमंत्रितांचे खास सामने) आणि प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) मतदारांनी पाहिलेलेच नसतात, पण तुम्ही नंतर कुठेही शोधलंत तर एकूण आकड्यांत ते मिळवलेले दिसतात. २०२४ मध्ये बॉइझी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटी या रनिंग बॅकच्या नावावर पळून काढलेले २६०१ यार्ड दिसतात. मतदानाच्या वेळी ते होते २४९७. वरचे १०४ नंतरच्या फिएस्टा बोलमधले.

दुसरं ठिकाण म्हणजे सामन्यांची संख्या. जेंटीचे २६०१ यार्ड बॅरी सँडर्सच्या १९८८ मधल्या २६२८ च्या विक्रमाशेजारी ठेवून लोक म्हणाले, थोडक्यात हुकला. पण सँडर्सचे यार्ड ११ सामन्यांतले आहेत, जेंटीचे १४. सामन्यामागे सँडर्सला जवळपास २३९ यार्ड पडतात, जेंटीला १८६. शिवाय सँडर्सच्या काळात बोल सामन्याचे आकडे अधिकृत बेरजेत धरत नसत. ते २००२ पासून धरायला लागले. म्हणून दोन वेगळ्या काळांतले खेळाडू तोलताना एकूण आकडा बाजूला ठेवा आणि सामन्यामागची सरासरी घ्या. त्याच मोसमातले दोघं असतील तरी हेच करा, कारण कोणी १२ सामने खेळलेला असतो, कोणी १३.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत एकूण यार्डांना मी फारशी किंमत देत नाही. पन्नास वेळा चेंडू फेकला तर यार्ड होणारच. फेकीमागे किती यार्ड, किती इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू समोरच्या संघाने झेलणं), आणि तिसऱ्या प्रयत्नाला सात-आठ यार्ड हवे असताना त्याने काय केलं, एवढं लिहा. सामना निकाली निघाल्यानंतरचे यार्ड पेन्सिलने कंसात टाका. दोन-तीन आठवड्यांत कोणाचं पान कंसांनी भरतंय ते दिसायला लागतं.

आता प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे दोन्ही टोकांचा अन्याय होतो. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये मोठमोठे डाव नवे नाहीत. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या. असा डाव स्कोअरबुकात लिहिताना धाव न धाव खरी असते, पण तो फलंदाज पुढे किती जाईल हे जोखायला समोरची गोलंदाजी बघावी लागते, आणि ऑगस्टमध्ये कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा कधी कधी जास्त सांगून जातात. कॉलेज फुटबॉलमध्ये तसंच आहे. संघ शंभराच्या वर, प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी निराळे, काही कॉन्फरन्स तगड्या, काही नवख्या.

पण म्हणून ‘लहान कॉन्फरन्सचा आहे, सोडा’ असं म्हणणं हा आळस झाला. लाल ओळ शोधा. जेंटीच्या पानावर ७ सप्टेंबर २०२४ ची एक ओळ आहे: ऑरेगॉनच्या मैदानावर १९२ यार्ड, तीन टचडाउन, संघ ३७-३४ ने हरला. तोच ऑरेगॉन संघ पुढे सगळा नियमित मोसम अपराजित राहिला. म्हणजे सर्वांत तगड्या समोरच्यापुढे या मुलाने जवळपास दोनशे यार्ड काढले. ही एक ओळ वाचल्यावर ‘कमकुवत संघांविरुद्धचे यार्ड’ हा आक्षेप मला पटेनासा झाला. पहिल्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नविरुद्ध त्याने २६७ यार्ड आणि सहा टचडाउन केले, तेही निकाली निघालेल्या सामन्यात नव्हे. ५६-४५ असा तो शेवटपर्यंत चुरशीचा होता. तिथे पेन्सिलचा कंस पडत नाही. यूएनएलव्हीने (नेवाडा विद्यापीठ, लास व्हेगास) मात्र सगळी माणसं पुढे आणून त्याची वाट अडवली, तेव्हा ३३ वेळा पळून १२८ यार्डच मिळाले. तेही लिहायचं. आणि त्याच यूएनएलव्हीविरुद्ध कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात २०९ यार्ड, हेही.

इतकं सगळं लिहून झाल्यावर माझ्या डाव्या यादीत त्या वर्षी पहिला होता कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर. भाच्याला ते पटलं नाही. फोनवर म्हणाला, “मावशी, अगं पंचवीसशे यार्ड! अजून काय करायला हवं होतं त्याने?” मी म्हटलं, “अरे, त्याने काहीच कमी केलं नाही. दुसऱ्याने जे केलं ते मोजायची आपल्याला सवय नाही, एवढंच.”

ते कसं मोजायचं, हे सांगते. हंटर आक्रमणात रिसीव्हर आणि बचावात कॉर्नरबॅक, दोन्हीकडे पूर्ण वेळ खेळायचा. कितीतरी सामन्यांत शंभराहून जास्त चाली तो मैदानावर असायचा. रिसीव्हर म्हणून त्याचे आकडे कोणीही वाचू शकतं: मतदानापर्यंत ९२ झेल, ११५२ यार्ड, १४ टचडाउन. बचावाच्या आकड्यांत चार इंटरसेप्शन दिसतात आणि माणूस म्हणतो, चारच? इथे चेंडूवरची नजर काढावी लागते. चाल सुरू होण्याआधी हंटर कोणत्या बाजूला उभा आहे ते बघा. चाल सुरू झाली की चेंडू सोडा, त्याच्याकडेच बघत राहा. त्याच्यासमोरचा रिसीव्हर आत वळला, बाहेर वळला, खोल पळाला, तरी तो त्याला चिकटून आहे का? मग क्वार्टरबॅककडे बघा. त्याने या बाजूला मान वळवली आणि लगेच दुसरीकडे नेली, तर मी पानावर छोटी फुली मारते. त्या बाजूला मुळात पाहिलंच नाही तरी फुली. या फुल्या कोणत्याच आकडेवारीत येत नाहीत, कारण तिथे काही घडलेलंच नसतं. क्वार्टरला (सामन्याच्या चौथ्या हिश्शाला) अशा पाच-सहा फुल्या पडायला लागल्या की समजायचं, समोरच्या संघाने अर्धं मैदान सोडून दिलेलं आहे.

दुसरं, निर्णायक चाल. बेलरविरुद्ध जादा वेळात कोलोरॅडो ३८-३१ ने पुढे होता आणि बेलरचा रनिंग बॅक गोलरेषेपाशी पोचला होता. हंटरने त्याच्यावर झेप घेऊन चेंडू हातातून सोडवला आणि सामना तिथेच संपला. आकडेवारीत त्याची नोंद एक फंबल करवला, एवढीच. मोकळ्या रकान्यात मात्र ती चाल पूर्ण लिहून ठेवा: कितवा प्रयत्न, धावफलक काय, तो कुठून धावत आला. डिसेंबरात दोन नावं शेजारी ठेवून बसाल तेव्हा उपयोगी पडतात ती अशी वाक्यं.

उजव्या यादीचं शास्त्र वेगळं आणि बरंच कोरडं आहे. देशाचे सहा विभाग, प्रत्येकी १४५ क्रीडा पत्रकार, म्हणजे ८७० मतं. त्यात भर हयात माजी विजेत्यांच्या प्रत्येकी एका मताची, आणि सगळ्या चाहत्यांचं मिळून एक मत. प्रत्येक मतदार तीन नावं देतो, त्यांना अनुक्रमे तीन, दोन आणि एक गुण. २०२४ मध्ये हंटरला पहिली पसंती ५५२, दुसरी २५१, तिसरी ७३. म्हणजे १६५६ अधिक ५०२ अधिक ७३, एकूण २२३१. जेंटीला ३०९, ५१७ आणि ५६, एकूण २०१७. पहिल्या पसंतीत २४३ मतांचा फरक होता, तरी गुणांत अंतर २१४ च राहिलं, कारण हंटरला पहिलं ठेवणाऱ्या बहुतेकांनी जेंटीला दुसरं ठेवलं. म्हणून उजव्या यादीसाठी विचारायचा प्रश्न असा: हा खेळाडू किती जणांच्या कागदावर दुसरा असेल? १९५६ मध्ये पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडोनल्डला होती आणि ट्रॉफी गेली नोत्र देमच्या पॉल हॉर्नंगकडे. हॉर्नंगचा संघ त्या वर्षी दहापैकी आठ सामने हरला होता. हरणाऱ्या संघातून जिंकलेला तो आजवरचा एकटाच.

मतदारांचा कल कुठे असतो हे इतिहास स्पष्ट सांगतो. २००० ते २०२५ या काळातल्या २६ विजेत्यांपैकी २१ क्वार्टरबॅक. उरलेले पाच म्हणजे रेगी बुश, मार्क इन्ग्रम, डेरिक हेन्री, डेव्हाँटा स्मिथ आणि हंटर. तेव्हा उजवीकडे अपराजित संघाचा क्वार्टरबॅक असेल तर त्याला तीनच्या खाली ठेवू नका. २०२५ चा विजेता फर्नांडो मेंडोझा तसाच: इंडियानाचा अपराजित संघ, आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटवर १३-१० असा विजय. यार्डांच्या राशी त्याच्या नावावर नव्हत्या. पण पेन स्टेटच्या मैदानावर शेवटच्या दोन मिनिटांत संघाला मैदानभर पुढे नेऊन त्याने २७-२४ ने सामना काढला, आणि असा सामना मतदार विसरत नाहीत. नोव्हेंबरातल्या मोठ्या सामन्याचं वजन नेहमीच जास्त: २०१२ मध्ये जॉनी मँझिएलने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर २९-२४ ने हरवलं आणि पहिल्यांदाच प्रथम वर्षाच्या खेळाडूला ट्रॉफी मिळाली. उलट २०१६ मध्ये लामार जॅक्सनचा लुइव्हिल संघ शेवटचे दोन्ही सामने हरला, तरी तोच जिंकला; आधीच्या दोन महिन्यांत त्याने मन इतकं जिंकून घेतलं होतं. संघ हरला म्हणून डाव्या यादीतून खेळाडूला काढायचं नाही, हे मी ठामपणे सांगते. २०२३ मध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) तीन सामने हरला होता, पण फ्लोरिडाविरुद्ध जेडन डॅनियल्सने एकाच सामन्यात ३७२ यार्ड फेकून आणि २३४ यार्ड पळून काढले. हरलेल्या सामन्यांत बचाव त्याचा नव्हता.

दर आठवड्याला डावी यादी कोऱ्या कागदावर लावा. मागच्या आठवड्याची समोर ठेवून एकाला वर, एकाला खाली केलंत तर ऑगस्टमध्ये गाजलेलं नाव नोव्हेंबरपर्यंत नुसत्या ओळखीवर टिकतं. पाच नावं पुरेत. प्रत्येकासमोर एक वाक्य, आणि त्या वाक्यात या आठवड्यात पाहिलेलं काहीतरी हवं. तसं वाक्य सुचत नसेल तर नाव खाली घ्या.

पाचातली एक जागा, मी आग्रहाने म्हणते, चेंडू हातात नसणाऱ्यासाठी उघडी ठेवा. पुरस्कार सर्वोत्कृष्ट खेळाडूचा आहे, त्यात जागेची अट नाही. तरी मुख्यतः बचावात खेळून तो जिंकलेला मिशिगनचा चार्ल्स वुडसन, १९९७ मध्ये, हा एकच. आणि ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्यानेही इंटरसेप्शनच्या जोडीला ७८ यार्डांचा पंट रिटर्न (समोरच्यांनी लाथेने मारलेला चेंडू झेलून उलट पळणं) करून टचडाउन केलं आणि आक्रमणात झेल घेतला, म्हणून डोळ्यांत भरला. ओहायो स्टेटचा जॉन हिक्स, नुसता वाट मोकळी करणारा टॅकल, १९७३ मध्ये दुसरा आला होता. अशा खेळाडूचं पान भरायला मेहनत जास्त पडते आणि ती आपण घेतली नाही तर कोणीच घेत नाही.

सरावाला नवा मोसम लागत नाही. २००९ घ्या. इतिहासातली सर्वांत अटीतटीची मतमोजणी ती: इन्ग्रम १३०४, स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट १२७६, टेक्ससचा कोल्ट मकॉय ११४५, आणि नेब्रास्काचा बचावपटू एनडामुकाँग सू ८१५. मतदानापर्यंत इन्ग्रमचे १५४२ यार्ड, गेरहार्टचे १७३६ आणि २६ टचडाउन. इन्ग्रमचा अलाबामा १३-० (तेरा विजय, हार एकही नाही), गेरहार्टचा स्टॅनफर्ड ८-४. चार पानं करा, आधी लाल ओळी शोधा, मग कॉन्फरन्सचा तो अंतिम सामना वाचून काढा, ज्यात टेक्सस नेब्रास्काविरुद्ध शेवटच्या क्षणी १३-१२ ने कसाबसा जिंकला. त्यात मकॉयला सूने किती वेळा पाडलं ते मोजा: एकूण १२ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं), त्यांत साडेचार सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं), आणि ते सगळं अशा जागेवरून जिथे दर चालीला दोन-दोन धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर होती. माझ्या वहीत २००९ असं आहे: सू, गेरहार्ट, इन्ग्रम. तुमचं वेगळं आलं तर प्रत्येकासमोरचं वाक्य मला जरूर कळवा.